गुप्तदान, पावती आणि महिन्याचे दोनशे

(धार्मिक संस्थांच्या खासगी शाळा चालवणाऱ्या विश्वस्तांसमोर नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आज इथे मंदिर ट्रस्टच्या शाळांचे लोक आहेत, मदरशांचे आहेत, चर्चच्या, जैन आणि बौद्ध संस्थांच्या शाळांचे आहेत. धर्म वेगवेगळे, पण शाळा सुरू व्हायची वेळ आली की विषय सगळीकडे एकच असतो. छपराचे पत्रे बदलायचे, शिक्षकांचे पगार थकलेत, पैसा आणायचा कुठून? आणि बैठकीत ठरतं तेही एकच, की यंदा पैसा जमवायचा मेळावा मोठा करू. माझं म्हणणं, मेळावा आहे तेवढाच राहू द्या. देणारी घरं वाढवा आणि ती टिकवा.

मेळाव्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. शंभर रुपयांची १,००० कुपनं खपली, तर १ लाख रुपये जमले. मंडप, खुर्च्या आणि साउंडचे ३० हजार गेले, किराणा आणि गॅसचे ३२ हजार, छपाई, वीज, सफाईचे ८ हजार. उरले ३० हजार. त्यासाठी चाळीस माणसं तीन दिवस राबली. आता दुसरा हिशेब. दीडशे घरांनी महिन्याला दोनशे रुपये दिले की तेच ३० हजार दर महिन्याला येतात, वर्षाचे ३ लाख ६० हजार होतात. शिवाय पगार ठरावीक तारखेला होतो. शिक्षक टिकतो तो त्यामुळे.

हे दोनशे घरोघरी फिरून गोळा करू नका. दोन महिने उत्साह राहतो, तिसऱ्या महिन्यात फिरणारा मुलगा परीक्षेत अडकतो. यूपीआय ऑटोपे घ्या. देणारा एकदा मंजुरी देतो, पुढे रक्कम आपोआप कटते, कटण्याआधी त्याला सूचना जाते, आणि नको वाटलं तर तो स्वतः बंद करू शकतो. हे त्याला आधीच सांगा, भीती जाते. कटण्याची तारीख महिन्याची ५ ते ७ ठेवा. २८ ठेवली तर खात्यात पैसा नसतो आणि मंजुरी असूनही रक्कम येत नाही. जी रक्कम आली नाही तिचा फोन तीन दिवसांत गेला पाहिजे. दोन महिने कुणी विचारलं नाही, तर शाळेला आपली गरज नाही असं त्या घराला वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. खातं ट्रस्टच्याच नावाचं हवं. सचिवांच्या मोबाइलवरचा क्यूआर कितीही सोयीचा असला तरी तो भिंतीवरून आजच काढा.

दीडशे घरं शोधायची कुठे? तुमच्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे कोण कधी शाळेत आलं आणि कधी सोडून गेलं याची वही आहे ना, तिथे. दहा वर्षांपूर्वीच्या तुकडीपासून मागे जा. प्रत्येक तुकडीतला एकच माणूस पकडा, जो इतवारीत दुकान चालवतो किंवा मिहानमध्ये नोकरीला आहे. बाकीच्यांना त्यालाच गोळा करू द्या. मुख्याध्यापकांचा फोन गेला तर लोक आदरानं हो म्हणतात आणि विसरतात. वर्गमित्राचा फोन असला तर विसरत नाहीत.

मागताना आकडा आणि वस्तू सांगा. ‘शाळेला मदत करा’ यावर कुणालाच काही सुचत नाही. ‘दादा, आठवीच्या वर्गात दोन पंखे बंद आहेत, मार्च-एप्रिलमध्ये पोरं भाजून निघतात. दोन पंख्यांचे बसवण्यासकट ५ हजार होतात. एक पंखा तुमचा धरू का?’ एवढं बोलून थांबा. समोरचा विचार करत असतो, तेव्हा आपण बोलून तो विचार मोडायचा नाही. पंखा बसला की त्याच संध्याकाळी फोटो पाठवा.

आता ज्या गोष्टीवर बहुतेक संस्था ठेचकाळतात तिकडे येतो, म्हणजे गुप्तदान. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत. देणगी देणाऱ्याला करात सूट देणाऱ्या कलमाला लोक अजून जुन्या आकड्यानं ८०जीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. निव्वळ धार्मिक ट्रस्टच्या दानपेटीतल्या निनावी पैशावर वेगळा कर नाही. पण तोच निनावी पैसा शाळेसाठी म्हणून आला, तर सवलत जाते. वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातली जी रक्कम मोठी तिच्या वरच्या निनावी पैशावर सरळ ३० टक्के कर बसतो. म्हणून प्रार्थनास्थळातल्या पेटीवर ‘शाळेसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवू नका. निनावी कशाला म्हणायचं हेही नीट समजून घ्या. देणाऱ्याचं नाव आणि पत्ता, यातलं एक जरी तुमच्या दप्तरी नसलं तर देणगी निनावी. क्यूआरवरून आलेल्या पैशात नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. म्हणून क्यूआरच्या शेजारी नोंदवही आणि पेन दोरीनं बांधून ठेवा.

पावतीवर अनुक्रमांक, तारीख, पूर्ण नाव, पत्ता, पॅन, रोख की बँकेतून, आणि कशासाठी, एवढं हवंच. यातला ‘कशासाठी’चा रकाना सगळ्यात जास्त वेळा कोरा सुटतो. रक्कम कायम निधीत टाकायची असेल तर तसं देणाऱ्याच्या सहीचं पत्र हवं. ते आपण नंतर ठरवायचं नसतं. रोखीनं दिलेल्या २,००० रुपयांवरच्या देणगीला ८०जीची सूट नाही. सूट मिळते तीही साधारणपणे निम्म्या रकमेवर, उत्पन्नाच्या मर्यादेत. दहा हजार दिले तर पाच हजार उत्पन्नातून वजा होतात, आणि नवी करपद्धत निवडणाऱ्याला तेही नाही. तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ या शब्दांनी सुरुवात करू नका, आणि पूर्ण सूट आहे असं तर मुळीच सांगू नका. पुढच्या वर्षी त्याचा सीए त्याला खरं सांगतो, आणि माणूस तुटतो.

८०जीची अट आणखी एक आहे. संस्था एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी असेल तर ८०जीची मान्यता सहसा मिळत नाही, आणि मान्यता मिळालेल्या संस्थेचा धार्मिक कामावरचा खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांत राहावा लागतो. म्हणून पूजा-इबादतीचा ट्रस्ट वेगळा आणि शाळेचा वेगळा, वह्याही वेगळ्या, हे सुरुवातीलाच करून टाका. नंतर वेगळं करणं फार जड जातं.

प्रवेशाच्या वेळी देणगी घेऊ नका. महाराष्ट्रात १९८७ पासून त्याला कायद्यानं बंदी आहे. ज्या घराचा अर्ज तुमच्या टेबलावर आहे, त्या घराकडे निकाल लागेपर्यंत कुठल्याही कारणानं पैसा मागायचा नाही. मन साफ असलं तरी बाहेरून ते सौद्यासारखंच दिसतं, आणि शाळेच्या नावाला एकदा डाग लागला की दीडशे घरं दीड महिन्यात गळतात.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे समाजकामासाठी त्या देतात त्या पैशाबद्दल थोडक्यात सांगतो. बुटीबोरी, हिंगण्यातल्या कारखान्यांत जाण्याआधी सीएसआर-१ ची, म्हणजे असा पैसा घेणाऱ्या संस्थेला लागणारी नोंदणी करून घ्या. धर्मशिक्षणासाठी मागू नका, प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृहासाठी मागा. परदेशातल्या माजी विद्यार्थ्याला आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. परक्या देशाचा असेल, भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, एफसीआरए म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपया घेता येत नाही.

आणि मेळावा करायचाच तर जानेवारीच्या उत्तरार्धात करा. एप्रिलनंतर इथल्या उन्हात दुपारी कुणी फिरकत नाही, डिसेंबरमध्ये अधिवेशनामुळे रस्ते बंद असतात. बक्षिसाच्या सोडतीची तिकिटं विकू नका, खासगी लॉटरीचे कायदे आड येतात. मुलांच्या हाती पावतीपुस्तक तर कधीच नको. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोर दारात येतं, त्याचा बोजारा, म्हणजे त्याला मिळणारी ओवाळणी, त्याच्याच खिशात जाऊ द्या.

मार्च संपला की एका पानावर हिशेब लिहा, किती आले, कशावर गेले, किती उरले, आणि काय करायचं राहिलं. ते पान फाटकाजवळच्या फळ्यावर लावा, दीडशे घरांना मोबाइलवर पाठवा. राहून गेलेल्या कामासमोर त्याचा खर्चही लिहा, म्हणजे पुढचा फोन कशासाठी येणार हे त्यांना आधीच कळलेलं असेल.