कॅसेटमधला आवाज सीडीवर उतरवताना

(दृश्य : कॅसेटची पारदर्शक खिडकी. आतल्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी लव.)

ही धूळ नव्हे, बुरशी आहे. कोकणात किंवा मुंबईत कपाटात बरेच पावसाळे काढलेल्या कॅसेटवर ती हमखास सापडते. अशी कॅसेट थेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात घातली की बुरशी हेडवर (फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर. म्हणून ती आधी वेगळी काढायची. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून नीट सुकवायची. मग नाकाला मास्क लावायचा आणि फीत हळूहळू गुंडाळत तिच्या दोन्ही बाजूंना धागे न सुटणारं मऊ कापड धरायचं.

वाजवण्याआधी वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे चौकोन तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तरी जुना आवाज पुसला जाणार नाही.

(दृश्य : कॅसेट उघडलेली. फीत हेडवर दाबून धरणारी पितळी पट्टी, तिच्यावरचा फेल्टचा तुकडा गळलेला.)

या तुकड्याचा डिंक वाळला की तो पडतो. मग फीत हेडला पुरती टेकत नाही; आवाज घोगरा होतो, मध्येच बुडतो. इलाज सोपा आहे. पाच स्क्रूंचं दुसरं कवच घ्या आणि दोन्ही रिळं फितीसकट त्यात बसवा. मूळ कवच स्क्रूऐवजी चिकटवलेलं असेल, तर सांध्यात पातळ पातं घालून ते उकलावं लागतं.

डेकचं हेड आणि फीत ओढणारा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा. त्या दांड्याला टेकणाऱ्या रबरी चाकाला सौम्य साबणाचं पाणी बरं. हे चाक कडक किंवा चिकट झालं की डेक फीत खातो. डेकमधला मोटरचा पट्टा सैल पडला असेल, तर सूर हेलकावे खातात.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम : हेडचा कोन. घरच्या टेपरेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असेल, तर रेकॉर्डिंगही त्याच तिरकेपणाने झालेलं असतं. सरळ हेडवर ते वाजवलं, तर वरचे स्वर मंद होतात. हेडशेजारचा स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, फिरवत राहा आणि आवाज मोनोमध्ये (डावा-उजवा एकत्र करून) ऐका. टाळ सर्वांत लख्ख वाजतो, तिथे थांबा. हेडने उचललंच नाही, ते पुढे कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. डॉल्बीचं, म्हणजे फितीची सळसळ कमी करणारं बटण यानंतर, आणि रेकॉर्डिंग डॉल्बीत झालं असेल तरच.

(दृश्य : डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिना, तिथून संगणकाला जोडलेलं ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज संगणकात घेणारी डबी.)

वायर डेकच्या लाइन-आउटमधून इंटरफेसच्या लाइन-इनला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको. ते बहुधा मोनो असतं आणि दुबळ्या सिग्नलसाठी बनवलेलं असतं. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलपाशी राहू द्या. काटा शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला शिवता येत नाही. एका तासाची फाइल साधारण ९५० एमबी होते.

सळसळ काढण्याचा मोह आवरा. जिथे नुसतीच सळसळ आहे, असा एक-दोन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून निवडा आणि ६ ते १० डेसिबलच कमी करा. त्याहून जास्त केलंत, तर तंबोरा पाण्याखालून वाजल्यासारखा होतो. कीर्तनाच्या रेकॉर्डिंगमध्ये तर टाळांचा विरत जाणारा झणत्कार सॉफ्टवेअरला सळसळच वाटते, तोही जातो. थोडी सळसळ राहिलेली परवडते.

सीडीसाठी शेवटी १६ बिटमध्ये रूपांतर करा. सीडीवर ८० मिनिटं मावतात, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटला दोन सीडी लागतात. एक बाजू, एक सीडी. डेटा सीडी नको, ऑडिओ सीडी निवडा. लिहिताना ‘डिस्क ॲट वन्स’ (सगळी सीडी एका दमात लिहिणं) ठेवा, नाहीतर अभंगाच्या मधोमध दोन सेकंदांची शांतता घुसते. वर कागदी स्टिकर चिकटवू नका. आवाज साठवणारा थर त्याच बाजूला, वार्निशच्या पातळ थराखाली असतो. सीडीसाठीच्या मार्करने मधल्या वर्तुळापाशी लिहा.

मग दुसऱ्या प्लेअरवर शेवटचा ट्रॅक आधी लावून पाहा. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि दोष बहुधा बाहेरच्या कडेलाच सापडतात.