हातात काय आहे, त्यावर क्रियापद

ॲरिझोनाच्या उत्तरेकडचं उजाड पठार. उजाडायला अजून अवकाश आहे. होगानचं, म्हणजे अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी जमातीच्या पारंपरिक घराचं, दार नेहमी पूर्वेला असतं. त्या दारातून एक मुलगी उगवतीकडे पळत सुटते. मागे मावश्या, बहिणी, शेजारच्या मुली. तिला ओलांडून मात्र कुणी पुढे जायचं नाही. जो जाईल तो लवकर म्हातारा होतो, असं मानतात. प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं लांब पळायचं.

मुलीला पहिल्यांदा पाळी आली की करायचा हा चार दिवसांचा विधी, किनाल्दा. पहिली किनाल्दा ‘रूप पालटणाऱ्या स्त्री’ची, म्हणजे नवाहोंच्या आद्यमातेची झाली. आता बरीच कुटुंबं फिनिक्स किंवा आल्बकर्कीसारख्या शहरांत राहतात. पाळी शाळेची सुट्टी बघून येत नाही, म्हणून कित्येक घरांत विधी उन्हाळ्याच्या सुट्टीत, आजीच्या गावी होतो.

या चार दिवसांतलं सगळ्यात कष्टाचं काम म्हणजे आल्कान, मक्याचा जमिनीत भाजलेला मोठा केक. मका मुलीनंच दळायचा. पूर्वी पाट्यावर, आता बरेचदा हाताने फिरवायच्या चक्कीवर. पीठ गरम पाण्यात कालवून काठ्यांच्या जुडीने घोटतात. पाणी पुरेसं गरम नसलं की गुठळ्या होतात, आणि गुठळी आतून कच्चीच राहते. गोडीसाठी मोड आलेल्या गव्हाचं पीठ, बेदाणे, हल्ली साखरही.

आता हा खड्डा पाहा. तीन-चार फूट रुंद, वीतभर खोल. दिवसभर त्यात लाकडं जाळायची, संध्याकाळी निखारे काढून राख नीट झाडायची, मग तळाला मक्याची सालं एकावर एक चढवून अंथरायची. फट राहिली तर खालची माती थेट केकला लागते. पीठ ओतून वर पुन्हा सालं, त्यावर माती, आणि मातीवर रात्रभर विस्तव. तो विझू दिला तर मधला भाग शिजत नाही. भडकू दिला तर वरचा थर करपतो. म्हणून होगानात विधीची गाणी चालू असताना बाहेर कुणीतरी जागंच असतं.

आणि इथेच, या धावपळीत, भाषा शिकली जाते. नवाहो भाषेत ‘दे’ या अर्थाचं एकच क्रियापद नाही. हातातली वस्तू कशी आहे, त्यावर ते ठरतं. पेल्यातलं पाणी मागायचं तर ‘शा नीकाह’, सफरचंद मागायचं तर ‘शा नी’आह’. मक्याचं साल मऊ, चपटं, त्याला तिसरं. कालवलेल्या पिठाला चौथं. मोबाइलवरच्या ॲपमधून नामं पटापट पाठ होतात, अडतं ते क्रियापदांशी. चुकलं की मोठी माणसं हसतात, आणि मुली इंग्रजीकडे वळतात. आमच्या मते सगळ्यात मोठं नुकसान या हसण्यानं होतं. आजीनं खड्ड्याशी बसून ‘ते साल दे’ म्हणत दहादा हात पुढे केला, की तेच क्रियापद हातात बसतं.

नव्या गोष्टींना ही भाषा घाबरत नाही. मोटार म्हणजे ‘चिदी’, इंजिनाच्या आवाजावरून. तिचं चाक म्हणजे तिचा पाय, दिवे म्हणजे डोळे. संगणक म्हणजे विचार करणारं लोखंड.

ओळख करून देतानाही चार कुळं सांगावी लागतात: आधी आईचं, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. आपल्याकडे गोत्र बापाकडून येतं. इथे कूळ आईचं, आणि एकाच कुळात लग्न होत नाही. म्हणूनच कॉलेजात नवा मुलगा भेटला तर पहिली चौकशी कुळाची.

१९५२ पासून दिल्या जाणाऱ्या ‘मिस नवाहो नेशन’ या किताबासाठी स्पर्धक मुलीला मेंढी कापून, सोलून दाखवावी लागते आणि प्रश्नांची उत्तरं नवाहोत द्यावी लागतात. २०११ साली हा मान मिळालेल्या क्रिस्टलिन कर्ली २०२३ मध्ये नवाहो कौन्सिलच्या, म्हणजे नवाहोंच्या कायदेमंडळाच्या, पहिल्या महिला सभापती झाल्या.

चौथी रात्र मुलीनं जागून काढलेली असते. पहाटे युक्का या वाळवंटी झुडपाचं मूळ ठेचून पाण्यात घुसळतात, त्या फेसानं तिचे केस धुतात, आणि ती शेवटचं पळून येते. मग खड्डा उघडतात. वाफ निघते, भाजक्या मक्याचा वास सुटतो. मधले तुकडे गाणाऱ्या वैदूला, बाकीचे पाहुण्यांना. वाटते ती मुलगीच. स्वतः मात्र त्यातला एक घासही घेत नाही.