काळूचं पान

सकाळचे सात वाजलेत. कुत्र्यांच्या शेल्टरच्या मागच्या अंगणात मी पालथी पडलेय, हातात मोबाईल, समोर काळू. मागं इथं कुत्र्यांना सांभाळणारे मामा उभं राहून बिस्किटाचा पुडा वाजवतायत, कारण तो आवाज आला की काळू कान टवकारून थेट कॅमेऱ्यात बघतो, आणि तेवढा एक सेकंदच मिळतो.

आता हा त्याचा जुना फोटो बघा. भर दुपारी, वरनं, पिंजऱ्याच्या जाळीतनं काढलेला. काळं कुत्रं असं काढलं की नुसता काळा गोळा दिसतो, डोळे कुठं नाक कुठं काही कळत नाही. जुन्या वेबसाईटवर हाच फोटो वर्षभर होता आणि काळूसाठी एक फोन आला नाही. कुत्रा तोच, फक्त सावलीत आणून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून काढला, की असा दिसतो.

पुण्याजवळच्या या शेल्टरची साईट नव्यानं करायची ठरली तेव्हा आम्ही आधी बाहेरच्या साईट बघितल्या. अमेरिकेत प्राणी दत्तक द्यायची पेटफाइंडर ही साईट १९९६ पासून आहे, तिथं ब्रीड निवडा, वय निवडा, साईज निवडा असं असतं, ते आम्ही जसंच्या तसं उचललं आणि मग बघतो तर आमच्या ब्रीडच्या लिस्टमध्ये जवळजवळ सगळीकडं एकच शब्द, इंडी, म्हणजे आपलं देशी कुत्रं. आणि फोन करणारी माणसं ब्रीड विचारतच नाहीत हो. घरात दोन वर्षांचं बाळ आहे, चालेल का? आम्ही दोघं नोकरीला जातो, एकटा राहील का? मांजर आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मग हेच प्रश्न आम्ही फिल्टरमध्ये घातले.

फॉर्ममध्ये आधी सत्तावीस प्रश्न होते, सगळे इंग्रजीत, लोक निम्म्यात सोडायचे. आता मराठीत पाच. नाव, गाव, फोन, घरी कोण कोण असतं, आणि भाड्यानं राहत असाल तर मालकाला विचारलंय का. बाकी सगळं फोनवर आणि घरी जाऊन बोलायचं, ते आम्ही सोडलेलं नाही, कारण घाईत दिलेलं कुत्रं महिन्याभरात परत येतं, आणि परत आलेलं कुत्रं दोन-दोन दिवस भिंतीकडं तोंड करून बसलेलं मी बघितलंय.

फोटो चार-चार एमबीचे होते, ते दीडशे केबीच्या आत आणले, साध्या फोनवर, कमी रेंजमध्ये पण पान पटकन उघडतं. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं बटण मोठं केलं, अंगठ्याला सापडेल असं, कारण कुत्रा आणायचा का नाही हे शेवटी फॅमिली ग्रुपवरच ठरतं.

हा कान बघितला? टोक कापलेलं आहे. लोक हळहळतात, कुणी मारलं हो याला? कुणी नाही मारलं. नसबंदीच्या वेळी भुलीत असतानाच कानाचा छोटासा तुकडा काढतात, म्हणजे लांबनं ओळखू येतं की याचं ऑपरेशन झालंय. ही ओळ आता प्रत्येक पानावर आहे, आणि तिच्या खाली रेबीजची पुढची तारीख.

पण साईटवरचं सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंय मामांनी. रोज खायला तेच घालतात, कोण कुणाशी भांडतं, कोण कशाला घाबरतं, सगळं त्यांना तोंडपाठ, आणि माहिती भरायची स्क्रीन मात्र आम्ही इंग्रजीत बनवली होती. चूक आमची होती. आता त्यांच्या फोनवर माईकचं एक बटण आहे, ते दाबून मामा बोलतात आणि मराठीत टाईप होतं. काळूबद्दल ते जे बोलले त्यातला एक शब्द आम्ही बदलला नाही.

"चप्पल खातो. पोरांवर लय जीव. फटाके वाजले की बाथरूममध्ये जाऊन बसतो, ओढून काढू नका, दार उघडं ठेवा."

काळू दसऱ्यानंतर एका घरी गेला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिथनं मामांच्या फोनवर हा फोटो आला. बाथरूमचं दार उघडं, आत बादलीशेजारी काळू, आणि उंबऱ्यावर पाठमोरी बसलेली, परकर-पोलक्यातली त्या घरची मुलगी.