कॉलिंगवूडची उधारी

(एमसीजीबाहेरची गर्दी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे स्कार्फ)

हे एमसीजी. आपल्याला हे ग्राउंड माहितीये ते बॉक्सिंग डे टेस्टमुळे, पण वर्षातला जास्त काळ ते फुटीचं असतं. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. लांबट बॉल, मैदानावर एका बाजूला १८ जण, आणि एएफएल नावाची १८ क्लबांची लीग. हे काळे-पांढरे पट्टे कॉलिंगवूडचे. मेलबर्नमध्ये एकतर तुम्ही कॉलिंगवूडचे असता नाहीतर कॉलिंगवूड हरलं की तुम्हाला बरं वाटतं, मधलं काही नसतं.

आज बोलायचंय ते मॅचबद्दल नाही. १२ नोव्हेंबर २०२० च्या संध्याकाळबद्दल. त्या दिवशी बॉलला कोणी हात लावला नाही, नुसते फोन आणि फॉर्म.

(ट्रेड पिरियडची दृश्यं, फोनवर बोलणारी माणसं)

आधी एक गोष्ट समजून घ्या नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आयपीएलमध्ये टीमकडे पर्स असते, ऑक्शनला बसायचं, पॅडल वर करायचं, माणूस घ्यायचा. एएफएलमध्ये असलं ऑक्शनच नाही, आणि युरोपातल्या फुटबॉलसारखं एका क्लबने दुसऱ्याला रोख पैसे मोजून खेळाडू उचलणंही नाही. इथे अदलाबदल, म्हणजे ट्रेड, आणि बदल्यात द्यायचा तो दुसरा खेळाडू किंवा ड्राफ्टमधला, म्हणजे दरवर्षी नवी पोरं निवडायच्या रांगेतला नंबर, ज्याला सगळे पिक म्हणतात. पिक जितका वरचा तितका चांगला पोरगा हाताला लागायची शक्यता. आणि सगळ्यांच्या डोक्यावर सॅलरी कॅप, म्हणजे चाळीसेक खेळाडूंचे पगार मिळून एका आकड्याच्या आत बसवायचे. हा कॅप १९८७ पासून आहे, ड्राफ्ट त्याच्या एक वर्ष आधी. श्रीमंत क्लबाने सगळे स्टार गोळा करू नयेत म्हणून केलेली व्यवस्था, आणि मला विचाराल तर ती चांगलीच आहे. गंमत केली तर दणका बसतो, २००२ मध्ये कार्लटनने कॅप चुकवला म्हणून नऊ लाख डॉलरच्या वर दंड आणि वरचे पिक गेले.

मग अंथरूण एवढंच असेल तर पाय कसे पसरायचे? तर उद्याच्या अंथरुणावर. समजा एका खेळाडूला पाच वर्षांचे ३० लाख कबूल केलेत. सरळ भागले तर वर्षाला सहा. पण यंदा कॅपमध्ये जागा नाही, म्हणून पहिली दोन वर्षं चार-चार, मग सहा, मग शेवटची दोन वर्षं आठ-आठ. बेरीज तीच, खेळाडू खूश, यंदाची टीम शाबूत. याला तिकडे बॅक-एंडिंग म्हणतात, आपल्याकडे पुढचं पुढे बघू म्हणतात. एका माणसापुरतं चालतं. सहा-सात जणांचं एकाच वेळी केलं की ते पुढचं वर्ष एक दिवस सगळ्यांचं एकदम उगवतं.

(२०१८ ग्रँड फायनल)

कॉलिंगवूडचं तेच झालं. २०१८ ची ग्रँड फायनल वेस्ट कोस्टकडून फक्त ५ पॉइंटनी हरले. ५ पॉइंट म्हणजे एक गोलही नाही हो, गोल ६ चा असतो. एवढ्याशाने हुकलेला क्लब म्हणणारच की हीच टीम धरून ठेवा, अजून एक-दोन जण आणा, आणि त्यांनी तसंच केलं, डेन बीम्सला दोन पहिल्या राउंडचे, म्हणजे वरचे, पिक मोजून परत आणलं, फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रॉडी ग्रंडीला तब्बल सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. आणि मार्चमध्ये कोविड. स्टेडियम रिकामी, लीगचं उत्पन्न आटलं, खेळाडूंच्या पगाराला कात्री लागली. उधारी मात्र होती तेवढीच.

(ॲडम ट्रेलोर, कॉलिंगवूडच्या जर्सीत)

हा ॲडम ट्रेलोर. मिडफिल्डर, पळायला लागला की थांबत नाही. २०१५ च्या शेवटी कॉलिंगवूडने त्याच्यासाठीही दोन पहिल्या राउंडचे पिक दिले होते. कॉन्ट्रॅक्ट २०२५ पर्यंत. त्याची पार्टनर किम रॅव्हिलियन, ऑस्ट्रेलियाकडून नेटबॉल खेळलेली. मार्च २०२० मध्ये त्यांना मुलगी झाली आणि किमला क्वीन्सलंड फायरबर्ड्सचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, म्हणजे आई आणि बाळ ब्रिस्बेनला, बाबा मेलबर्नला. क्लबकडून बाहेर सांगितलं गेलं की कुटुंब लांब गेल्यावर याला जड जाईल अशी काळजी वाटते. ट्रेलोर उघडपणे सांगत होता, मला इथेच राहायचंय.

आता नियम नीट ऐका. कॉन्ट्रॅक्ट चालू असलेल्या खेळाडूला त्याच्या मर्जीशिवाय ट्रेड करता येत नाही. ट्रेडच्या कागदावर त्याची सही लागते. म्हणजे कागदावर ट्रेलोरच्या हातात सगळं होतं, तो नाही म्हणाला असता तर विषय संपला होता. पण ज्या ड्रेसिंग रूममध्ये आपण नको आहोत हे जगाला कळलंय तिथे अजून पाच वर्षं रोज सकाळी बूट बांधून कसं जायचं? मला या सगळ्या प्रकरणात हीच जागा सगळ्यात टोचते. सही त्याचीच होती, पण ती मर्जीची होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१२ नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी, ट्रेडच्या डेडलाइनच्या अगदी शेवटच्या मिनिटांत कागद लीगकडे गेले. ट्रेलोर वेस्टर्न बुलडॉग्जला. कॉलिंगवूडला मिळाला १४ नंबरचा पिक आणि पुढच्या वर्षीचा दुसऱ्या राउंडचा एक, आणि त्यासाठीही त्यांनी स्वतःचे तीन पिक सोबत दिले. शिवाय त्याच्या पगाराचा काही हिस्सा दरवर्षी कॉलिंगवूडच भरणार. तीच उधारी, फक्त आता हप्त्याने.

त्याच दिवशी जेडन स्टीफन्सन नॉर्थ मेलबर्नला गेला, २१ वर्षांचा पोरगा, २०१८ चा रायझिंग स्टार, म्हणजे लीगमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम तरुण खेळाडू. टॉम फिलिप्स हॉथॉर्नला, त्याच्या बदल्यात पिक ६५. ग्रँड फायनल खेळलेल्या माणसाचे ६५! दुकान बंद करायच्या आधी माल काढतात तसं चाललं होतं आणि समोरच्या क्लबांना ते दिसत होतं, मग कोण कशाला भाव देईल.

२०२१ ला कॉलिंगवूड १७ वं. म्हणजे खालून दुसरं.

(२०२३ ग्रँड फायनल, एमसीजी)

पण हिशोब साफ व्हायला लागला होता. २०२२ च्या शेवटी ग्रंडीचा नंबर लागला. सात वर्षांतली पाच बाकी असताना त्याला पिक २७ वर मेलबर्न क्लबला दिलं, याच्याही पगाराचा हिस्सा कॉलिंगवूडनेच उचलला, पण बाकीची जागा कॅपमध्ये मोकळी झाली. त्याच ट्रेड पिरियडमध्ये आले टॉम मिचेल, बिली फ्रॅम्प्टन आणि बॉबी हिल. ३० सप्टेंबर २०२३, लाखभर माणसं, ब्रिस्बेनवर ४ पॉइंटनी विजय. बॉबी हिलचे चार गोल आणि नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. लिस्ट मॅनेजरचं, म्हणजे क्लबात कोणाला आणायचं, कोणाला सोडायचं हे बघणाऱ्याचं काम असं असतं, टाळ्या मैदानावर पडतात आणि डाव टाकलेला असतो वर्षभर आधी कुठल्यातरी मीटिंगमध्ये. कॉलिंगवूडचे फॅन त्या रात्री रडत होते आणि ते त्यांचं हक्काचं रडणं होतं.

ग्रंडीला मात्र मेलबर्नने त्याच सीझनमध्ये सिनियर टीममधून काढलं होतं, वर्षभरातच तो पुन्हा ट्रेड होऊन सिडनीला गेला.

आणि ट्रेलोर? तो पळत राहिला. २०२१ ला बुलडॉग्जबरोबर ग्रँड फायनल खेळला, हरला. २०२४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, पहिल्यांदा ऑल-ऑस्ट्रेलियन टीममध्ये, म्हणजे सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या टीममध्ये निवडला गेला, कोट घालून स्टेजवर उभा राहिला. क्लब म्हणून नाव लागलं वेस्टर्न बुलडॉग्जचं. त्या वर्षीच्या त्याच्या पगारातही एक वाटा कॉलिंगवूडचा होता.