एचआरने बोलावलंय, कागद घेऊन ये

(दृश्य: वाळूज एमआयडीसी. पहिली शिफ्ट सुटतेय.)

निवेदन:
पहिली शिफ्ट सुटली की छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या रस्त्यावर कंपनीच्या बसगाड्या, दुचाक्या आणि शेअर रिक्षांची एकच झुंबड उडते. यातले पुष्कळजण बीड, जालना, परभणीकडचे; रांजणगाव शेणपुंजीत नाहीतर बजाजनगरात खोली करून राहिलेले. त्यातलाच एक आज घरी आहे. उद्या अकरा वाजता त्याला एचआरने बोलावलंय. विषय, 'गैरहजेरीबाबत चर्चा'. नाव, चेहरा आणि कंपनी दाखवायची नाही, या अटीवर तो बोलला.

"दोन जिने चढलो की धाप लागायली. पण लाइनवर कुणाला सांगावं? टीबी म्हणलं की डबासुद्धा शेजारी ठेवू देत नाहीत."

योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांतच बहुतेकांपासून लागण व्हायचा धोका खूप उतरतो. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पण कॅन्टीनमध्ये हे कोण समजावून सांगणार? मग तो सुपरवायझरला नुसतं 'ताप आहे' म्हणत राहिला. ताप असा महिनोन् महिने चालला तर कुणालाही शंका येणारच, एचआरला तेवढ्यासाठी दोष देता येत नाही.

(दृश्य: गादीवर पसरलेले कागद.)

मेडिकलच्या कॅरीबॅगेतून एक्स-रे निघतो, थुंकीचा रिपोर्ट निघतो, आणि ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेचे, आजारपणाचे दाखले. बायको ते तारखेप्रमाणे लावतेय. पहिला दाखला, मग त्यापुढचे, आणि मध्येच खंड. त्या दिवसांत तो गावी होता. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी आहे, ईएसआयचा दाखला नाही. तिने तिथे बोट ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांप्रमाणे, सलग 10 दिवसांपेक्षा जास्त विनापरवाना गैरहजेरी म्हणजे गैरवर्तन. आजारी पडणं गैरवर्तनात येत नाही, पण न कळवलेलं आजारपण हजेरीपटावर तसंच दिसतं.

पगारातून 0.75 टक्के ईएसआयला कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात 78 दिवस भरले असतील, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या 70 टक्के मिळतात. टीबी धरून 34 दीर्घ आजारांना, नोकरी किती जुनी हवी या अटीत बसलं तर, 80 टक्के, तेही 2 वर्षांपर्यंत. आणि आजारपणाचा हा लाभ घेत असलेल्या कामगाराला काढायला किंवा शिक्षा करायला 1948 च्या ईएसआय कायद्यातल्या कलम 73 ने मनाई केली होती; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. कपात सगळ्यांना पाठ असते. कलम 73 वाळूजमध्ये किती जणांना ठाऊक होतं?

संध्याकाळी शेजारचे काका आले. युनियनमध्ये मुरलेला माणूस.

"राजीनामा लिहून दे, बरा झाला की परत घेतो, असं म्हणतील. लिहायचा नाही. सही करायच्या आधी वाचायचं. इंग्रजीत असलं तर म्हणायचं, मराठीत द्या."

खातेनिहाय चौकशी असेल तर सोबत सहकारी कामगार नेता येतो. नुसत्या बैठकीला मात्र आधी विचारावं लागतं. त्याने विचारलं होतं, 'गरज नाही' असं उत्तर आलं. ठेकेदारामार्फत लागलेल्या पोरांना तर बैठकही मिळत नाही. एका सकाळी गेटवर कार्ड चालत नाही, तेव्हा कळतं.

(दृश्य: कंपनीचं गेट, बाहेरून.)

आत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं, खंड निघालाच. गावची चिठ्ठी आणि औषधांची बिलं त्यांनी ठेवून घेतली, झेरॉक्स त्याने आधीच काढली होती. आजाराचं नाव या वेळी त्याने सरळ सांगितलं. रात्रपाळी नको, काही दिवस पॅकिंगला बसवा, असा लेखी अर्ज दिला. "बघू" म्हणाले.

बैठकीत काय ठरलं ते लिहून द्या, असंही तो म्हणाला. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर कागदाचा फोटो आला. सही होती, शिक्का होता, तारीख नव्हती. ती टाकून घ्यायला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर उभा होता.