वर्ग हसतो तेव्हा: शाळेतील छळ कशावर टिकून राहतो

नमस्कार. आज आपण शाळेत मुले एकमेकांचा जो छळ करतात त्याविषयी बोलणार आहोत, आणि मला त्याची सुरुवात एका डब्यापासून करायची आहे.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यातील एका शाळेत सहावीला मराठी शिकवत होते. त्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातून आलेली एक मुलगी आमच्या वर्गात दाखल झाली; तिच्या वडिलांना हडपसरला काम मिळाले होते. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलीने तिला डब्यात काय आणले आहे असे विचारले, तेव्हा ती सहजपणे म्हणाली, "पोई-भाजी." वऱ्हाडी बोलीत डोळ्याचा डोया होतो आणि पोळीची पोई होते. ती घरी जे बोलत होती तेच इथे बोलली. दोघीतिघी हसल्या, दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून "ए पोई" अशी हाक आली, आणि गणपतीची सुट्टी लागेपर्यंत त्या मुलीचे खरे नाव केवळ हजेरीपटापुरते उरले. उत्तर येत असूनही ती हात वर करीनाशी झाली. मधल्या सुट्टीत ती डब्याचे झाकण अर्धेच उघडत असे आणि पोळी बाहेर न काढता आतल्या आत तुकडा मोडून खात असे. ते अर्धे झाकण मी कितीतरी दिवस पाहत होते, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

याला छळ म्हणायचे का, असा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. "मुलं आहेत, चिडवणारच, आमच्या वेळी नव्हतं का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम स्कॅन्डिनेव्हियात डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सुरू केला. नॉर्वेमध्ये १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असे दिसून आले, आणि १९८३ मध्ये तिथल्या सरकारने देशभरातील शाळांसाठी मोहीम हाती घेतली. ओल्वेउस यांनी छळ ओळखण्याच्या ज्या तीन खुणा सांगितल्या त्या आजही जगभर वापरल्या जातात: समोरच्याला दुखावण्याचा हेतू असतो, तेच पुन्हा पुन्हा घडते, आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. यातली तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन मित्र मैदानावर आउट की नॉट आउट यावरून हातघाईवर आले, तर ते भांडण आहे. त्यांचे बळ सारखे आहे आणि संध्याकाळी ते पुन्हा एकत्र खेळतील. बळ म्हणजे फक्त दंडातली ताकद नव्हे. एका बाजूला चाळीस जणांचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला नव्याने आलेली, मैत्रीण नसलेली, वेगळ्या बोलीत बोलणारी एकटी मुलगी असेल, तर तिला कोणी बोटही लावले नाही तरी तो छळच आहे. मुद्दाम डब्याला न बोलावणे, खेळात न घेणे, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात तिचे चित्र बदलून फिरवणे, हे सगळे त्यातच येते. युनेस्कोने २०१९ मध्ये अनेक देशांतील माहिती एकत्र करून सांगितले होते की जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याला मागच्या महिनाभरात एकदा तरी असा त्रास झाला होता.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा व्हिडिओ करत आहे तिच्याकडे येते. आपण छळाची गोष्ट नेहमी दोघांची म्हणून सांगतो: एक त्रास देणारा आणि एक त्रास सोसणारा. मुख्याध्यापकांच्या खोलीतही दोघांनाच बोलावले जाते. प्रत्यक्षात तिथे आणखी मुले उभी असतात. कॅनडातील संशोधकांनी शाळांच्या मैदानावर मुलांचे चित्रीकरण करून २००१ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती, पण त्यांपैकी कोणी मध्ये पडले असे केवळ १९ टक्के प्रसंगांत घडले. याच अभ्यासात पुढची गोष्ट अशी दिसली की मुले जेव्हा मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे ५७ टक्के वेळा, तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. कुठलेही व्याख्यान नाही, कुठली शिक्षा नाही, फक्त बरोबरीच्या एका मुलाने "अरे, सोड ना तिला" म्हटले आणि ते पुरले.

फिनलंडच्या क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांनी या बघणाऱ्यांचाच अभ्यास केला. त्यांना आढळले की काही मुले त्रास देणाऱ्याला हातभार लावतात, काही नुसती हसून त्याला चढवतात, काही बाजूला सरकतात आणि थोडी मुले सोसणाऱ्याच्या बाजूने उभी राहतात. तुर्कू विद्यापीठात यावर आधारित 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो फिनलंडभर शाळांमध्ये नेण्यात आला. त्यामागचा विचार मला फार पटतो: त्रास देणारा मुलगा बहुधा वर्गात आपला मान वाढावा म्हणून त्रास देत असतो, आणि तो मान त्याला हसणारा वर्ग देत असतो. हसणे थांबले की त्याची मिळकतच थांबते.

माझ्या वर्गात "ए पोई" अशी हाक ज्याने प्रथम मारली तो मुलगा एकटा असता, तर ती हाक दोन दिवसांत विरून गेली असती. ती तीन महिने टिकली, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी हसत होते. त्यांत एकदा मीही होते, हे मला इथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तिने कविता वाचताना "पाणी"चे "पानी" केले, वर्ग खसखसला, आणि मी "ण, बाळा, ण" म्हणून उच्चार दुरुस्त करताना वर्गाबरोबर हसले. माझ्या मनात वाईट काही नव्हते, पण चाळीस मुलांनी त्या हसण्याचा अर्थ घेतला की बाईंचीही याला हरकत नाही. आपल्या पुण्यात हा धोका अधिक आहे, कारण प्रमाण मराठीची घडण मुख्यतः पुण्याकडील शिष्टांच्या बोलीवर झाली, आणि त्यामुळे आपले बोलणे म्हणजेच शुद्ध मराठी असा समज इथल्या घरांत आणि शिक्षकखोलीत सहज मुरलेला असतो. लेखनात प्रमाणभाषा शिकवणे हे शिक्षकाचे काम आहेच; पण "ही तुझ्या घरची बोली आहे, ती चुकीची नाही, परीक्षेत मात्र असे लिहायचे" हे वाक्य आणि माझे ते हसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलांना "जाड्या", "ढापण्या" अशा नावांनी हाक मारणारे, त्यांचे आडनाव विचारून नजर बदलणारे आणि कच्च्या मुलाचे गुण वर्गासमोर मोठ्याने वाचणारे शिक्षक भिंतीवर आदराची कितीही सुवचने लिहोत, वर्ग त्यांच्या तोंडाकडे पाहून शिकतो, भिंतीकडे पाहून नाही.

दुसरी अडचण आपल्या भाषेतच आहे. शाळेत त्रासाची माहिती मोठ्यांना देणे याला मुले "नाव सांगणे" म्हणतात, आणि नाव सांगणारा हा चुगलखोर ठरतो. पहिलीच्या वर्गात दिवसाला वीस वेळा "बाई, हा बघा ना" ऐकून आपणही वैतागून "चहाड्या करू नकोस, जागेवर बस" म्हणतो, आणि मग सातवीत गेल्यावर तेच मूल आपल्याला काही सांगत नाही म्हणून आश्चर्य करतो. मुलांना फरक सोप्या शब्दांत सांगता येतो: एखाद्याला ओरडा बसावा म्हणून सांगणे ही चहाडी, आणि एखाद्याचा त्रास थांबावा म्हणून सांगणे ही मदत. बघणाऱ्या प्रत्येक मुलाने पुढे होऊन दोन हात करावेत अशी अपेक्षाही ठेवू नये, कारण ती धोक्याची आहे आणि बहुतेक मुलांना ती झेपत नाही. न हसणे, गटात आलेले चित्र पुढे न पाठवणे, नंतर जाऊन त्या मुलीशेजारी डबा उघडणे, एवढे मात्र भित्र्यातल्या भित्र्या मुलालाही जमते.

कुठे काय घडते हे शाळेत कोणाला ठाऊक असते, असे विचाराल, तर माझे उत्तर शिपाईमामा, स्वच्छतागृहापाशी असणाऱ्या मावशी आणि व्हॅनवाले काका असे आहे. वर्ग चालू असताना छळ कमी होतो. तो जिन्यात, नळापाशी, स्वच्छतागृहात आणि सिंहगड रस्त्यावर वाहतुकीत अडकलेल्या व्हॅनच्या मागच्या सीटवर होतो. शाळेने वर्षातून एकदा तरी या मंडळींना शिक्षकांच्या बैठकीत मानाने बसवून विचारावे, आणि मुलांना शाळेचा नकाशा देऊन, नाव न लिहिता, जिथे भीती वाटते तिथे खूण करायला सांगावे. मधल्या सुट्टीत त्या जागी एक शिक्षक उभा राहिला तरी पुष्कळ फरक पडतो.

तक्रार आली की बहुतेक शाळा दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावतात. भांडणात हे चालते, छळात नाही. सोसणारे मूल त्या खोलीत भीतीने "काही नाही, गंमत होती" असेच म्हणेल. दोघांशी वेगवेगळे बोलावे, आणि पाहणाऱ्यांशीही बोलावे. त्रास देणाऱ्या मुलाला स्पष्ट सांगावे की हे थांबलेच पाहिजे, त्याच्या पालकांना बोलवावे, पण त्याचा दाखला हातात ठेवण्याची घाई करू नये. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये दाखवून दिले की चुकीला सरसकट कठोर शिक्षा देण्याच्या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई आहे. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा आहे. त्यातील शैक्षणिक संस्थेची व्याख्या महाविद्यालयापुरती मर्यादित नाही आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. शाळेत तक्रारपेटी असणे आणि ती वेळच्या वेळी उघडली जाणे, याविषयी राज्य शासनाचे आदेश आहेत. आपल्या मुलाच्या शाळेतील पेटी शेवटची कधी उघडली, हे पालकसभेत जरूर विचारा. मूल संकटात असेल तर १०९८ ही बालमदतवाहिनी आणि मनाने खचले असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

(पडद्यावर: १०९८ आणि १४४१६)

पालकांनी घरी "शाळेत काय झालं?" असे विचारले की "काही नाही" हेच उत्तर येते. त्याऐवजी "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" आणि "आज वर्गात कोण एकटं बसलं होतं?" असे विचारून पाहा. माझ्या वर्गातील प्रकार मला अशाच एका प्रश्नामुळे कळला. एका मुलीच्या आईने तिला दुसरा प्रश्न विचारला होता, आणि दुसऱ्या दिवशी ती आई शाळा सुटताना फाटकापाशी माझी वाट पाहत थांबली होती. त्यानंतर मी वर्गासमोर माझ्या त्या हसण्याबद्दल त्या मुलीची माफी मागितली, हसणाऱ्यांशी एकेकट्याने बोलले, आणि दर सोमवारी तिला बाजूला घेऊन या आठवड्यात कसे गेले असे विचारत राहिले. पहिले दोन सोमवार ती "ठीक" एवढेच म्हणाली. तिसऱ्या सोमवारी तिने दोन नावे सांगितली. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्या बाकापाशी गेले, तेव्हा डब्याचे झाकण पूर्ण उघडे होते आणि शेजारची मुलगी त्यातली पोळी घेत होती.