पांढऱ्या दिसणाऱ्या शिरेचा खुलासा

पडद्यावर मेंदूचा सीटी स्कॅन आहे. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायचे द्रव्य) न देता काढलेल्या या चित्रात कवटीच्या मागच्या बाजूला एक लहानसा पांढरट त्रिकोण दिसतो. मेंदूतले रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेचा, म्हणजे सॅजिटल सायनसचा, हा छेद होय. तो इतका उजळ दिसला की शिरेत गुठळी झाली असावी अशी शंका प्रथम येते, आणि ती यायलाच हवी.

मात्र स्कॅनवर रक्त किती पांढरे दिसावे, हे मुख्यतः त्यातल्या हिमोग्लोबिनवर ठरते. गुठळीत तांबड्या पेशी दाटीने एकवटतात म्हणून ती उजळ दिसते. पण सगळ्या शरीरातलेच रक्त दाट असेल, तर वाहते रक्तही तसेच दिसू शकते. पॉलिसायथेमियात तांबड्या पेशी वाढतात, तर तीव्र निर्जलीकरणात रक्तातले पाणी घटते. नवजात बाळांचे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, मुळातच जास्त असते, शिवाय त्यांच्या मेंदूत पाणी अधिक असल्याने तो गडद दिसतो आणि शेजारची शीर आणखीच उठून दिसते.

अशा वेळी नजर त्रिकोणावरून कवटीच्या तळाशी न्यावी. तिथल्या धमन्याही तितक्याच उजळ असतील, तर कारण एका शिरेत नसून एकूण रक्तातच असण्याची शक्यता वाढते.

ही घनता हाउन्सफील्ड एककांत मोजतात. पाण्याची 0, तर वाहत्या रक्ताची साधारण 50 ते 60. समजा, शिरेत ती 75 भरली. रुग्णाचे हिमॅटोक्रिट 60 टक्के असेल, तर दोहोंचा भागाकार 1.25 येतो, जो निरोगी माणसातही आढळतो. तेच 42 टक्के असेल, तर तो 1.8 च्या जवळ जातो आणि गुठळीचा संशय बळावतो. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या साध्या तपासणीतला हिमॅटोक्रिटचा आकडा रेडिओलॉजिस्टसमोर स्कॅनबरोबरच असायला हवा, असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते. रक्तक्षयात तर उलटा धोका असतो, कारण तिथे खरी गुठळीही फिकी पडून नजरेतून सुटू शकते.

तरीही रक्त दाट आहे एवढ्यावर थांबता येत नाही, कारण पॉलिसायथेमियामुळेच गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. डोकेदुखी वाढत असेल, दिसणे धूसर झाले असेल किंवा झटके आले असतील, तर सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचे खास चित्रण, करून शीर मोकळी आहे का, हे पाहावेच लागते. गुठळी सापडली नाही तरी रक्त दाट का झाले याचा शोध उरतोच, आणि पॉलिसायथेमिया व्हेराची, म्हणजे अस्थिमज्जेतल्या बिघाडाने तांबड्या पेशी वाढवणाऱ्या आजाराची, शंका असेल तर रक्तविकारतज्ज्ञ जॅक-2 जनुकाची चाचणी सांगतात.